ओव्हिडचे सांधे : समांतर वाचन प्रकल्पाच्या नोंदी

५ जानेवारी

काम काय आहे ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे फाटे फुटले की परत यायला जागा राहील. पडद्यावर डावीकडे रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फसीज’ या रूपांतरांच्या गोष्टींच्या काव्याचं मूळ लॅटिन, उजवीकडे वाचणाऱ्याला हवा तो जुना इंग्रजी पद्यानुवाद. अनुवाद बदलत राहायचे, लॅटिन जागचं हलायचं नाही. पंधरा सर्ग, १२,०००ला थोड्या कमी ओळी, सृष्टीच्या आरंभापासून थेट ज्युलियस सीझरपर्यंत. सध्या पहिले तीनच सर्ग घ्यायचे. कोड मामेभाऊ लिहितोय. मजकूर आणि जुळणी माझ्याकडे.

माझं लॅटिन बेताचं. शिकवणारे सर अडलेल्या ओळी बघून देणार आहेत, फक्त त्यांची अट अशी की आधी ओळ मोठ्याने म्हणायची, मग शंका विचारायची.

११ जानेवारी

कोणते अनुवाद घ्यायचे, हे आवडीपेक्षा कॉपीराइटवर ठरलं. भारतात लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो. रॉल्फ हम्फ्रीज १९६९ साली गेला, म्हणजे त्याचा १९५५चा अनुवाद अजून काही वर्षं बाहेर. टेड ह्यूज, चार्ल्स मार्टिन, डेव्हिड रेबर्न, स्टेफनी मॅकार्टर या अलीकडच्या अनुवादकांचा तर प्रश्नच नाही. उरले ते चौघे:

आर्थर गोल्डिंग. पहिले चार सर्ग १५६५, सगळे पंधरा १५६७.

जॉर्ज सँड्स. पहिले पाच १६२१, पूर्ण १६२६, भाष्य आणि चित्रांसह मोठी आवृत्ती १६३२.

सॅम्युअल गार्थने १७१७ साली जमवलेली गोधडी. गार्थ पेशाने डॉक्टर. ड्रायडन, अ‍ॅडिसन, पोप, काँग्रीव्ह, गे अशा बऱ्याच हातांचं काम त्याने एकत्र शिवलं. ड्रायडनला जाऊन तेव्हा १७ वर्षं झाली होती.

ब्रुक्स मोर, १९२२, निर्यमक पद्य. वाईट नाही, पण वाचून उठल्यावर एकही ओळ बरोबर येत नाही.

भावाचं म्हणणं, “ताई, चार पुरेत, पाचवा आला तर मोबाइलवर बसणार नाही.” बरं झालं.

१८ जानेवारी

गोल्डिंगची मूळ प्रत ब्लॅकलेटर, म्हणजे जाड गॉथिक वळणाच्या टाइपातली. ओसीआर, म्हणजे छापील पान वाचणारं सॉफ्टवेअर, तिच्यापुढे हात टेकतं. १७१७च्या गार्थचं वेगळंच: त्या काळचा लांब ‘एस’ मशीनला ‘एफ’ दिसतो, त्यामुळे ‘सन’चा ‘फन’ होतो आणि सूर्याच्या राजवाड्यात भलताच आनंदीआनंद. गोल्डिंगसाठी ईबो-टीसीपी या जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या प्रकल्पातली माणसांनी टंकलेली प्रत वापरणार. स्पेलिंग जुनंच ठेवायचं. गोल्डिंगचं स्पेलिंग सरळ केलं की त्याचा चेहरा जातो.

२५ जानेवारी

जुळणीचं एकक काय धरायचं, यावर आज संध्याकाळ गेली. भावाला ओळीला ओळ हवी, म्हणजे त्याचा तक्ता सोपा. ते का जमणार नाही हे समजावताना वृत्तात शिरावं लागलं, आणि तिथे मराठी शाळेत शिकल्याचा फायदा झाला.

इंग्रजीत वाढलेल्या वाचकाला लॅटिन वृत्त शिकताना अडखळायला होतं, कारण त्याचा कान आघात मोजतो. लॅटिन आपल्यासारखं लघु-गुरू मोजतं. हेक्झामीटर म्हणजे सहा गण. प्रत्येक गण एकतर गुरू-लघु-लघु, म्हणजे ‘यमाताराजभानसलगा’तला भ गण, नाहीतर दोन गुरू. दोन्हीकडे मात्रा चारच. पाचवा गण बहुतेक वेळा भ. सहावा दोन अक्षरांचा, शेवटचं अक्षर कसंही चालतं. काव्याची पहिलीच ओळ घ्या:

इन् नोव फेर्त् अनिमुस् मूतातास् दीकेरे फोर्मास्

‘नो’, ‘के’ आणि ‘रे’ इथे लघु म्हणायचे. देवनागरीत र्‍हस्व ए-ओची सोय नाही. मग पहिला, दुसरा आणि पाचवा गण भ, बाकी गुरू-गुरू. भावाला फोनवर टाळ्या देत म्हणून दाखवलं, त्याला दुसऱ्या फेरीत कळलं.

आता हिशोब. लॅटिनच्या एका ओळीत साधारण १३ ते १७ अक्षरं. गोल्डिंगची ओळ १४ अक्षरांची, सात आघातांची, दोन-दोन ओळींना यमक. सँड्स, ड्रायडन, अ‍ॅडिसन यांची ओळ १० अक्षरांची, तिलाही जोडीने यमक. वरवर गोल्डिंगचं माप लॅटिनच्या सगळ्यात जवळचं. पण लॅटिन विभक्तीच्या शेपटीवर भागवतं, तिथे इंग्रजीला आर्टिकल, सर्वनाम आणि शब्दयोगी असे तीन हमाल लागतात. शिवाय गोल्डिंग मोकळ्या हाताचा माणूस. यमकासाठी एखादं विशेषण जास्त लागलं तर त्याला त्याचं काही वाटत नाही. सँड्सचं उलट. तो १० अक्षरांच्या ओळी घेऊनही मूळच्या ओळसंख्येला धरून राहायला बघतो, म्हणून त्याची ओळ ठासून भरलेली आणि कधीकधी दोनदा वाचावी लागणारी. ओळीला ओळ कुठेच बसत नाही.

ठरलं: एकक म्हणजे लॅटिनमधलं पूर्ण वाक्य. वाक्य ओळीच्या मध्येच संपलं तर तिथेही खूण करायची. (हे पुढे फार उपयोगी पडणार, असा आपला अंदाज.)

१ फेब्रुवारी

पहिल्या सर्गाच्या २०० ओळी जुळल्या. विशेष काही नाही.

८ फेब्रुवारी

सरांनी क्विंटिलियनचा एक उतारा पाठवला आणि प्रकल्पाला दिशा मिळाली. क्विंटिलियन हा पहिल्या शतकातला वक्तृत्वाचा गुरुजी. एका विषयावरून दुसऱ्यावर जातानाच काहीतरी चमकदार बोलून टाळी घ्यायची, या शाळकरी सवयीवर तो तिथे चिडलाय. ओव्हिड ‘मेटामॉर्फसीज’मध्ये हेच चाळे करतो म्हणतो. पुढे मात्र सूट देतो: इतक्या निरनिराळ्या गोष्टी एका देहाच्या रूपात गोळा करायच्या, तर बिचाऱ्याला करावंच लागणार.

म्हणजे ओव्हिडचे सांधे पहिल्या शतकातच लोकांच्या डोळ्यांवर आले होते. ओव्हिड स्वतः तर चौथ्याच ओळीत सांगतो की मला अखंड गाणं म्हणायचंय. आपल्याला कथेत कथा नवी नाही, पंचतंत्रापासून सवय आहे. पण पंचतंत्राला बाहेरची चौकट असते, कंटाळा आला तर विष्णुशर्म्याकडे परत जाता येतं. ओव्हिडला अशी चौकटच नाही. एक गोष्ट दुसरीत कशी जाते, एवढ्यावर सगळा डोलारा उभा.

तेव्हा अनुवाद तपासायचा तो सांध्यावर. डॅफ्नी, नार्सिसस, पिरॅमस या प्रसंगांत कुणीही जीव ओततो. डॅफ्नीचं झाड झालं, आता पुढे काय, तिथे अनुवादक काय करतो ते बघायचं. जुळणी करताना प्रत्येक सांध्याला वेगळी खूण.

१५ फेब्रुवारी

पहिला मोठा सांधा. अपोलो देव मागे लागला, तेव्हा डॅफ्नी लॉरेलचं झाड झाली. तिचा बाप पेनेउस ही नदी. आसपासच्या नद्या त्याला भेटायला येतात, आणि ओव्हिड हळूच सांगतो की अभिनंदन करावं की सांत्वन, हे त्यांना कळेना. सगळ्या आल्या, एक इनाकस नाही आला. का? त्याची मुलगी इओ हरवलीय. झाली इओची गोष्ट सुरू! गैरहजेरीवरून गोष्ट काढायची ही तऱ्हा मला फार आवडते. लग्नाला कोण आलं नाही यावरून अख्खी दुपार बोलणाऱ्या आत्या आठवतात.

चौघांनीही हा सांधा नीट नेलाय. गार्थच्या पुस्तकात मात्र मध्ये ठळक मथळा: आता इओची गोष्ट. नद्या अजून आल्याही नाहीत, तेवढ्यात पाटी लागलेली.

२२ फेब्रुवारी

याच गोष्टीच्या पोटात पहिल्या सर्गातली सगळ्यात खट्याळ जागा आहे, ती नीट लिहून ठेवते.

गाय झालेल्या इओवर शंभर डोळ्यांचा आर्गस पहारा देतोय. त्याला झोपवायला देवांचा दूत मर्क्युरी बासरी वाजवतो आणि सिरिंक्स नावाच्या अप्सरेची गोष्ट सांगायला लागतो. ऐकणाऱ्याला ती ओळखीची वाटतेच: देव मागे, पोरगी पुढे, शेवटी ती वनस्पती होणार. आपण आत्ताच डॅफ्नीचं हेच ऐकून आलोय. मर्क्युरी सांगतो की रानदेव पॅन तिला बघून असं बोलला… आणि ओळीच्या ऐन मध्यावर त्याचं बोलणं तुटतं. तिथून सूत्रं कवीच्या हातात: पॅन काय बोलला, ती कशी पळाली, तिची बोरू-वेतं कशी झाली, हे सांगायचं राहिलंच होतं. ते सगळं कवी आपल्या तोंडाने, अप्रत्यक्ष कथनात आटोपतो. मग कळतं की मर्क्युरी हे सांगणार, एवढ्यात आर्गसचे सगळे डोळे मिटले होते. तीच ती गोष्ट ऐकून पहारेकरी झोपला. कवी स्वतःच्याच पुनरुक्तीची थट्टा करतोय, आणि ती सगळी ओळीतल्या त्या एका तुटीवर उभी आहे.

ड्रायडनने तूट बुजवली. त्याच्याकडे पॅन तिची विनवणी करायला सुरुवात करतो, आणि लगेच पुढच्या जोडीत, पण त्याने सुरुवात करण्याआधीच ती पळाली. वाक्य गमतीचं आहे, ड्रायडनच तो. पण सांगणारा बदलतच नाही. गोष्ट एका दमात शेवटपर्यंत जाते, आणि त्यानंतर आर्गसच्या पापण्या जड होतात. म्हणजे त्याच्या आर्गसने अख्खी गोष्ट ऐकली! बंद द्विपदीत, म्हणजे यमकाच्या दोन ओळींतच वाक्य संपवायच्या रचनेत, ओळीच्या मध्ये तुटायला जागाच नसते, हे त्यामागचं कारण असावं. यमक आलं की दार बंद.

ओळीच्या मध्यावर खूण करायचा निर्णय इथे कामी आला. भावाने लॅटिनच्या त्या जागी बारीक उभी रेघ दिलीय. बोट ठेवलं की चारही अनुवादांतली तीच जागा उजळते.

१ मार्च

मथळ्यांवरून भांडण. भावाचं म्हणणं, मथळे नसतील तर लोकांना गोष्ट सापडणार कशी. कुणाला नार्सिसस हवा असतो, त्याने काय ७०० ओळी चाळायच्या? माझं म्हणणं, मथळा सांध्यावरच बसतो आणि सांधा झाकतो. तडजोड: मथळे समासात, फिक्या अक्षरात, लॅटिनला समांतर, मजकुराच्या आड एकही येणार नाही.

८ मार्च

सँड्सवर थोडं. हा माणूस अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीचा खजिनदार म्हणून १६२१ साली जेम्सटाउनला गेला. काही भाग त्याने जहाजावर केला, काही तिथे वसाहतीत, रात्रीच्या वेळी. १६२२च्या मार्चमध्ये तिथल्या मूळच्या पौहॅटन लोकांनी वसाहतीवर मोठा हल्ला केला, शेकडो माणसं गेली. अर्पणपत्रिकेत तो राजाला सांगतो की हे रोपटं मूळचं रोमन, पण वाढलं नव्या जगात, आणि त्याच्या जन्माला कलादेवतांऐवजी लढाया आणि दंगे हजर होते. लिहिणाऱ्याला अशी वाक्यं लिहायला आवडतात, ते सोडा. पण सर्ग वाचताना कुठे घाई जाणवत नाही. उलट सगळ्या चौघांत सगळ्यात काटेकोर तोच. तोही द्विपदीच लिहितो, पण वाक्य पुढच्या जोडीत ओतायला त्याला लाज वाटत नाही.

मूळ कवीनेही आयुष्याची शेवटची वर्षं काळ्या समुद्राकाठच्या तोमिस गावी हद्दपारीत काढली, त्यावरून तुलना करायचा मोह होतो. पण ओव्हिडचं हे काव्य हद्दपारीआधीच जवळजवळ पुरं झालं होतं, आणि सँड्स तिथे पगारी नोकरीवर होता.

१५ मार्च

पहिला सर्ग संपला. शेवटच्या दोन ओळींत फेएथॉन बापाला, म्हणजे सूर्याला, शोधायला निघतो. वाटेत इथिओपियन लोक आणि ताऱ्यांच्या आगीखाली राहणारे ‘इंदी’ लोक ओलांडतो. आपण आलो आणि अर्ध्या ओळीत मागेही पडलो! दुसरा सर्ग उघडतो तो थेट सूर्याच्या राजवाड्यात. पोरगा चालतोय, मध्ये सर्ग बदलतो, चाल थांबत नाही.

गार्थच्या पुस्तकात पहिला सर्ग ड्रायडनचा आणि दुसरा अ‍ॅडिसनचा. म्हणजे फेएथॉन ड्रायडनच्या घरातून निघतो आणि अ‍ॅडिसनच्या राजवाड्यात पोचतो. दोघांचा वेग वेगळा, हे ऐकूनच कळतं: ड्रायडन झपाझप, अ‍ॅडिसन खांब-बिंब बघत. अ‍ॅडिसनचा राजवाडा झकास आहे, नाव ठेवणार नाही.

२९ मार्च

आजची जागा सगळ्यात महत्त्वाची. दुसऱ्या सर्गाचा शेवट, युरोपा.

देवांचा राजा ज्युपिटर पांढरा बैल होऊन तिला पाठीवर घेऊन समुद्रात शिरलाय. ओव्हिडचं शेवटचं वाक्य शब्दाला शब्द असं: ती घाबरते, पळवून नेली जात असताना मागे सुटलेल्या किनाऱ्याकडे बघते, उजव्या हाताने शिंग धरलंय, दुसरा हात पाठीवर, वाऱ्याने तिचे कपडे थरथरत फुगतात. सर्ग खलास. तिसरा सर्ग: आणि आता देवाने बैलाचं खोटं रूप टाकून आपण कोण ते सांगितलं होतं, क्रीटच्या रानात पोचला होता. दोनच ओळी, त्याही ‘होतं’च्या काळात, म्हणजे जे व्हायचं ते पडद्याआड होऊन गेलंय. लगेच तिचा बाप तिच्या भावाला, कॅडमसला, तिला शोधायला पाठवतो, आणि काव्य कॅडमसच्या मागे थीब्जकडे वळतं. या गोष्टीत युरोपाला आपण पुन्हा भेटत नाही. आपल्या हाती उरते ती मागे वळून बघणारी मुलगी.

गोल्डिंगचा तिसरा सर्ग असा उघडतो:

द गॉड नाउ हॅव्हिंग लेड असाइड हिज बॉरोड शेप ऑफ बुल,
हॅड इन हिज लाइकनेस शोड हिमसेल्फ : अँड विथ हिज प्रिटी ट्रल
टेन लँडिंग इन द आइल ऑफ क्रीट.

‘ट्रल’ म्हणजे पोरगी, पण सभ्य घरात म्हणणार नाहीत अशी. कॅल्व्हिनच्या प्रवचनांचा अनुवाद करणारा हा प्युरिटन गृहस्थ ‘बुल’ला यमक हवं म्हणून युरोपाला असं म्हणतो, यावर सर फोनवर बराच वेळ हसत होते. पण बघण्यासारखं दुसरंच आहे. सांधा जागच्या जागी आहे. देव तिसऱ्या सर्गातच रूप टाकतो, वाक्य यमक ओलांडून तिसऱ्या ओळीत उतरतं, थांबत नाही.

आता अ‍ॅडिसन. शेवटचं चित्र त्याने इतकं सुरेख काढलंय:

हर ट्रेन ऑफ रफलिंग गारमेंट्स फ्लाइज बिहाइंड,
स्वेल्स इन द एअर, अँड हॉव्हर्स इन द विंड.

इथे थांबला असता तर मी पुस्तक डोक्यावर घेऊन नाचले असते. तो थांबत नाही. तिसऱ्या सर्गाच्या दोन ओळी उचलून तो दुसऱ्याच्या शेपटीला लावतो आणि त्यांच्या आठ करतो. देव वादळातून तिला सुखरूप क्रीटला उतरवतो, खऱ्या रूपात येऊन तिचं मन जिंकतो, आणि ती विस्फारल्या डोळ्यांनी त्याचं तेज बघत राहते. मग तिसरा सर्ग कोरा करकरीत सुरू: युरोपाच्या बापाची, अगेनॉरची, मुलगी हरवली, त्याने मुलाला शोधायला पाठवलं.

लॅटिनमध्ये ती किनाऱ्याकडे बघते. अ‍ॅडिसनच्या शेवटी ती देवाकडे बघते. नुसता सांधा नीटनेटका केला, एवढ्यात पळवून नेलेली मुलगी प्रेमात पडलेली मुलगी झाली. एकही शब्द चुकीचा लावलेला नाही. भर घातली आहे, तीही वाक्याच्या बाहेर, म्हणून शब्दाशी शब्द ताडून बघणाऱ्याच्या हाती हे लागणार नाही.

मॅकार्टरचा २०२२चा अनुवाद इथे टाकता येत नाही, पण टिपणात तिचा उल्लेख करणार. ओव्हिडमधल्या बळजबरीला बळजबरीच म्हणायचं, जुन्या अनुवादांनी चढवलेला गोडवा उतरवायचा, ही तिची भूमिका. माझी त्यात एवढीच भर की गोडवा शब्दांत शोधावा तसा सर्गाच्या कडेलाही शोधावा.

५ एप्रिल

तांत्रिक अडचण अर्थात अ‍ॅडिसनचीच. त्याच्या दुसऱ्या सर्गाच्या आठ ओळी लॅटिनच्या तिसऱ्या सर्गाशी जुळतात. तक्ता एका सर्गाबाहेर जायला तयार नव्हता. भावाने सर्गाची भिंत काढून पूर्ण काव्याला सलग क्रमांक दिले. ओव्हिडला हेच आवडलं असतं, असं तो म्हणाला. काव्य न वाचता म्हणाला, तरी खरं आहे.

१२ एप्रिल

सरांनी विचारलं, टेड ह्यूजबद्दल काही लिहिणार का. १९९७च्या त्याच्या पुस्तकात २४ उतारे आहेत आणि ऊर्जा अशी की बाकीचे सगळे फिके. पण त्याने गोष्टी सुट्या काढल्या, क्रमही स्वतःचा लावला, शेवट पिरॅमस आणि थिस्बीवर. डॅफ्नी नाही, म्हणून नद्यांची ती भेट नाही. त्याला सांधे नकोच होते, तेव्हा त्याला या कसोटीवर लावणं अन्याय. टिपणात एक परिच्छेद, बास.

१९ एप्रिल

पहिले तीन सर्ग खुले केले. मोबाइलवर गोल्डिंगची १४ अक्षरी ओळ मोडते आणि उरलेलं शेपूट खालच्या ओळीत जातं. अक्षर लहान करायचं की ओळ मोडू द्यायची? मोडू दिली, पण मोडलेला तुकडा आत सरकवून.

२६ एप्रिल

चौथ्या सर्गाची पूर्वतयारी. मिन्यासच्या मुली मद्याचा देव बाखस याच्या उत्सवाला न जाता घरी सूत काततात आणि कातता कातता आळीपाळीने गोष्टी सांगतात. म्हणजे दर काही ओळींनी सांधा, शिवाय प्रत्येक सांगणारीचा आवाज वेगळा. गार्थच्या पुस्तकात या सर्गाला एकापेक्षा जास्त अनुवादक आहेत: पिरॅमसची गोष्ट यूस्डेनची, सॅल्मॅसिसची अ‍ॅडिसनची. आतापर्यंत सर्गाला एक नाव पुरत होतं. भावाला तक्त्यात अनुवादकाचा रकाना सर्गाऐवजी वाक्याला जोडायला सांगितलाय. “पाचवा अनुवाद नको म्हणालो होतो ना,” म्हणाला, पण करतोय.